‘पंचवीस टक्के बदला आणि बिनधास्त विका’ : डिझाइन नोंदणीवरच्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

औजारं बनवणाऱ्यांच्या, फॅब्रिकेशनवाल्यांच्या आणि पैठणच्या विणकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. डिझाइन नोंदणी, म्हणजे वस्तूच्या नव्या रूपावरचा हक्क सरकारदरबारी नोंदवणं, ही 1995 साली जागतिक व्यापार संघटनेनं आपल्यावर लादलेली गोष्ट आहे, त्याआधी असा कायदा नव्हताच. तो मोठ्या कंपन्यांसाठी आहे आणि कारागिराच्या मुळावर येणारा आहे. उद्या कुणी पैठणीवरचा मोर नोंदवला तर पैठणकरांना माग बंद करावे लागतील. एकदा नोंदणी झाली की ती वस्तू, तिचं तंत्र, सगळं त्या एकाच माणसाचं होतं. दुसऱ्याच्या मालात पंचवीस टक्के बदल केला की कायदा आपल्याला हात लावू शकत नाही. नोंदणीला लाखभर रुपये आणि मोठ्या शहरातला वकील लागतो. आणि शेवटी इशारा : नक्कल सापडली तर पोलीस उचलून नेतात, म्हणून नोटीस आली की पैसे देऊन मिटवा.

मी जालन्यात शेती औजारांच्या वर्कशॉपसाठी ड्रॉइंग करते. कोळपी (तण काढायची औजारं), टोकण यंत्रं (एकेक दाणा टाकून पेरणारी), बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा-सरीची पेरणी यंत्रं ही ज्यांच्या घरची कामं आहेत, ती माणसं हा मेसेज मला पाठवून विचारतात, “ताई, खरं आहे का हे?” लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्यावर विसंबून दोन प्रकारची माणसं अडचणीत येतात. एक, ज्यांनी डोकं चालवून काही नवं घडवलं आणि त्यावरचा हक्क हातचा घालवला. दुसरी, ज्यांनी दुसऱ्याचं उचललं आणि टक्केवारीच्या भरवशावर शंभर नग बाजारात सोडले. दोघंही आपलीच माणसं आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

“1995 च्या आधी असा कायदा नव्हता”

हे विधान साफ चूक आहे, आणि बाकीचा मेसेज त्याच्यावरच उभा आहे. म्हणून इथे जरा थांबावं लागेल.

फ्रान्समधलं ल्याँ हे रेशीम विणणाऱ्यांचं शहर. तिथे नवा नमुना काढायचा म्हणजे आधी चित्रकाराकडून चित्र, मग ते चौकटीच्या कागदावर उतरवणं, मग त्याप्रमाणे मागाची जुळणी. कापडाचा पहिला हात विणून व्हायच्या आधीच मालकाचा बराच पैसा गेलेला असायचा. तो नमुना दुसऱ्या पेढीवर पोचवायला मात्र एखाद्या कामगाराची एक संध्याकाळ पुरे. 1711 साली शहराच्या कारभाऱ्यांनी हुकूम काढला, की कामासाठी सोपवलेले नमुने परस्पर दुसऱ्याला देणं किंवा विकणं बंद. 1787 मध्ये राजाच्या मंडळानं हे संरक्षण देशभरातल्या रेशमी कापडाला लागू केलं. घरातल्या आणि चर्चमधल्या सजावटीच्या कापडाला 15 वर्षं, अंगावरच्या कापडाला 6 वर्षं. अंगावरच्या कापडाची फॅशन लवकर बदलते, हे तेव्हाही त्यांना कळत होतं.

1806 मध्ये, नेपोलियनच्या काळात, ल्याँमध्ये व्यापारी-कारखानदार आणि माग चालवणारे उस्ताद यांचं एक निवाडा मंडळ नेमलं गेलं. नमुन्याचा तुकडा घडी घालून, मोहोर लावून या मंडळाकडे ठेवायचा आणि हक्क 1 वर्षाचा हवा, 3 चा, 5 चा की कायमचा ते सांगायचं. भांडण उभं राहिलं की पाकीट फोडायचं आणि आधी कुणी ठेवलं ते पाहायचं. आज आपण अर्जासोबत फोटो आणि ड्रॉइंग जमा करतो, त्याच्या मुळाशी हीच पद्धत आहे.

इंग्लंडमध्ये 1787 सालीच लिनन, सुती आणि मलमल कापडावरच्या छापील नमुन्यांसाठी कायदा झाला. संरक्षण फक्त 2 महिन्यांचं, तेही थानाच्या दोन्ही टोकांना मालकाचं नाव छापलेलं असेल तर. 1794 मध्ये ते 3 महिने झालं. 1839 मध्ये कापडाच्या पलीकडे जाऊन इतर कारखानी वस्तूंच्या डिझाइनची नोंदणी सुरू झाली. 1842 च्या कायद्यानं वस्तूंचे वर्ग पाडून 9 महिन्यांपासून 3 वर्षांपर्यंत मुदती ठरवल्या. त्याच वर्षी अमेरिकेनं डिझाइनचं पेटंट द्यायला सुरुवात केली आणि पहिलं पेटंट जॉर्ज ब्रूस यांना छपाईच्या खिळ्यांच्या अक्षरवळणासाठी मिळालं. जर्मनीचा कायदा 1876 चा, जपानचा 1888 चा. 1883 च्या पॅरिस करारात पेटंट आणि ट्रेडमार्कच्या बरोबरीनं औद्योगिक डिझाइनही होतं.

आता आपला देश. 1859 मध्ये शोधांसाठी कायदा झाला. 1872 मध्ये ‘पेटंट्स अँड डिझाइन्स प्रोटेक्शन ॲक्ट’ आला आणि नव्या नमुन्यांना पहिल्यांदा कायद्यात जागा मिळाली. पुढे 1888 चा कायदा, मग 1911 चा ‘इंडियन पेटंट्स अँड डिझाइन्स ॲक्ट’. 1970 मध्ये पेटंटसाठी वेगळा कायदा झाला तरी डिझाइनचा कारभार 1911 च्याच कायद्यावर चालू राहिला. सध्याचा डिझाइन कायदा 2000 सालचा, अंमल 11 मे 2001 पासून. म्हणजे जागतिक व्यापार संघटना जन्माला आली तेव्हा भारतातल्या डिझाइन कायद्याला 123 वर्षं झाली होती.

एक गोष्ट मात्र मराठवाड्याच्या माणसानं लक्षात ठेवावी. 1872 चा काय किंवा 1911 चा काय, हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होते. आपण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. मुंबईतला छापखानेवाला ज्या कायद्याखाली अर्ज करत होता, तो पैठणच्या किंवा औरंगाबादच्या हिमरूवाल्याला लागू नव्हता. “आमच्या आजोबांनी असा कायदा कधी ऐकला नाही” असं कुणी म्हटलं तर ते खरंच असणार. त्याचं कारण मात्र संस्थानाची सरहद्द आहे. 1995 चा त्याच्याशी काही संबंध नाही.

मग जागतिक व्यापार संघटनेच्या 1995 च्या करारानं काय बदललं? मुदत वाढली असं काहीजण म्हणतात. तेही तपासून पाहा. जुन्या कायद्यात 5 वर्षं, मग दोनदा 5-5 वर्षांची वाढ, म्हणजे एकूण 15. आताच्या कायद्यात आधी 10 आणि मग 5, एकूण 15. खरा बदल वेगळाच आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. पूर्वी डिझाइन ‘नवं’ आहे का ते भारतापुरतं पाहिलं जायचं. परदेशी कॅटलॉगमधली वस्तू इथे कुणी पाहिलेली नसेल तर ती आपल्या नावावर नोंदवून बसायला वाव होता. आता जगात कुठेही प्रसिद्ध झालेलं डिझाइन इथे नवं धरलं जात नाही. म्हणजे परदेशी कॅटलॉगमधलं डिझाइन आपल्या नावावर नोंदवून इथल्या छोट्या उत्पादकाची वाट अडवणं आता अवघड झालं आहे.

“हा कायदा कारागिराच्या विरोधात आहे”

या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

ल्याँचा 1711 चा हुकूम पेढीवाल्यांनी आपल्या चित्रकारांवर आणि मागावरच्या माणसांवर वचक बसवायला काढला होता. 1806 च्या मंडळात 5 व्यापारी-कारखानदार आणि 4 उस्ताद होते. रोजंदारीवर माग चालवणाऱ्याला तिथे जागा नव्हती. इंग्लंडमध्ये छापील कापडाच्या धंद्याचा पायाच मुळी आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छिटांची नक्कल हा होता. आधी 1700 आणि 1721 च्या कायद्यांनी आपल्या छापील कापडावर बंदी आणली, मग तीच कला शिकून गिरण्या उभ्या केल्या, आणि मग 1787 मध्ये आपसातली नक्कल थांबवायला कायदा केला.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट 1866 ची आहे. जॉन फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्यानं भारतातल्या कापडाचे 700 नमुने कापून 18 खंडांत चिकटवले. असे 20 संच केले. त्यातले 13 ब्रिटनमधल्या गावांना दिले आणि 7 भारतात ठेवले. हेतू उघड सांगितलेला होता : इथल्या लोकांना काय आवडतं ते तिथल्या गिरणीवाल्यांना नीट दिसावं आणि तसा माल त्यांना इथे विकता यावा. कुठलं कापड, लांबी-रुंदी किती, किंमत काय, अशी माहिती त्यात होती. नमुना विणणाऱ्याचा त्यावर काही हक्क आहे हा विषयच कुणाच्या डोक्यात नव्हता. आणि त्यानंतर सहाच वर्षांनी, 1872 मध्ये, त्याच सरकारनं इथे नमुन्यांच्या रक्षणाचा कायदा केला. हे वाचलं की मला आजही राग येतो, आणि तो यावाच.

पण मेसेजवाला यावरून जो निष्कर्ष काढतो तो उलटा आहे. ते 700 तुकडे बिनदिक्कत नेता आले, कारण विणकराच्या हातात कायद्याचं काही नव्हतं. शिवाय या कायद्यांचा इतिहास फक्त बड्यांचा नाही. इंग्लंडच्या 1787 च्या कायद्यामागे विल्यम किलबर्न यांचा अर्ज होता. हे स्वतः चित्रं काढून कापड छापणारे गृहस्थ. त्यांचे नमुने उत्तरेकडच्या मोठ्या छापखान्यांत उतरवले जाऊन स्वस्तात विकले जात होते. छोट्यानं मोठ्याविरुद्ध दाद मागितली म्हणून तो कायदा झाला. हत्यार कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं ठरतं, आणि आपल्या लोकांनी ते हातात घ्यायचंच नाही असा सल्ला हा मेसेज देतो आहे.

“पैठणीचा मोर कुणीतरी नोंदवून टाकेल”

नाही नोंदवता येणार. बांगडी मोर, असावली वेल, मुनिया, नारळी काठ हे पिढ्यान्पिढ्या विणले जाणारे नमुने आहेत. कायद्याच्या कलम 4 प्रमाणे आधीच लोकांसमोर आलेलं किंवा माहीत असलेल्या डिझाइनपेक्षा ठळकपणे वेगळं नसलेलं डिझाइन नोंदवता येत नाही. चुकून कुणाची नोंद झालीच तर कलम 19 खाली ती रद्द करायचा अर्ज ज्याचा हितसंबंध आहे असा कुणीही करू शकतो, आणि पुरावा म्हणून आजीच्या लग्नातल्या पैठणीचा जुना फोटोही कामाला येऊ शकतो. पैठणी या नावाला भौगोलिक मानांकन आहे. तो वेगळा कायदा आहे, तो नाव आणि मूळ ठिकाण जपतो. डिझाइन कायदा एका विशिष्ट नव्या रूपाला जपतो. दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे ही भीती पसरली असावी.

इथे मला एक उलटी गोष्ट सांगायची आहे. पैठणमध्ये आणि संभाजीनगरात तरुण विणकर नवे पदर काढतात, जुन्या कोयरीची, कमळाची, अजिंठ्याच्या चित्रांतल्या आकारांची अगदी वेगळी मांडणी करतात. ती मांडणी नवी असेल तर ती नोंदवता येते. “आमचं हातमागाचं काम, कारखान्याचा कायदा आम्हाला कसा लागेल?” असं ते विचारतात. कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलं आहे की डिझाइन वस्तूवर कोणत्याही औद्योगिक प्रक्रियेनं उतरवलेलं चालतं, मग ती प्रक्रिया हाताची असो, यंत्राची असो की रासायनिक असो. हातमाग त्यात बसतो.

आणि चित्र काढलं की आपोआप कॉपीराइट मिळतोच, नोंदणी कशाला, असं जे म्हणतात त्यांच्यासाठी कॉपीराइट कायद्याचं कलम 15 आहे. जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते वस्तूवर औद्योगिक प्रक्रियेनं 50 पेक्षा जास्त वेळा उतरवलं गेलं की त्यातला कॉपीराइट संपतो. दिल्ली उच्च न्यायालयात ड्रेस डिझाइनच्या वादांत हे कलम पुन्हा पुन्हा आडवं आलं आहे. 2016 च्या रितिका विरुद्ध बिबा या प्रकरणात नोंदणी न केलेल्या कपड्यांच्या डिझाइनसाठी कॉपीराइटचा आधार याच कारणानं मिळाला नाही. ज्याचा पदर चालला आणि 50 च्या पुढे गेला, त्यालाच याचा फटका बसतो. हे कलम मला अन्यायकारक वाटतं. पण ते आहे, आणि ते माहीत नसल्यानं जास्त नुकसान होतं.

“नोंदणी झाली की तंत्रसुद्धा त्याचंच”

डिझाइन नोंदणी फक्त डोळ्याला दिसणारं रूप जपते : आकार, घडण, नक्षी, रेषा आणि रंगांची मांडणी. वस्तू कशी चालते ते तिच्या कक्षेत येत नाही. बांधणीची पद्धत किंवा निव्वळ यांत्रिक रचना व्याख्येतूनच वगळलेली आहे.

टोकण यंत्राचं उदाहरण घ्या. चकतीवरच्या खाचा किती खोल म्हणजे सोयाबीनचा एकच दाणा पडेल, दोन दाते किती अंतरावर असावेत, हे काम करण्याचं तंत्र झालं. त्यासाठी पेटंट लागतं. ते 20 वर्षांचं असतं आणि मिळवायला जड जातं. बियाण्याच्या पेटीला तुम्ही दिलेला खास आकार, मुठीची वळणदार घडण, सगळं मिळून दिसणारं रूप हे डिझाइन. एखादा सुटा भाग वेगळा बनवून विकता येत असेल तर त्याचंही डिझाइन नोंदवता येतं. पण कोळप्याच्या फासाचा (पात्याचा) आकार माती कापण्यासाठी तसाच असावा लागत असेल, तर त्या आकारावर डिझाइनच्या नावाखाली कुणी मक्ता सांगू शकत नाही.

या दोन्हींच्या मधली एक मोठी पोकळी मात्र खरी आहे. पेटंटच्या उंचीला न पोचणाऱ्या पण उपयोगी सुधारणांसाठी इंग्लंडनं 1843 मध्ये 3 वर्षांचं संरक्षण दिलं होतं. जर्मनीत 1891 पासून तसा वेगळा कायदा आहे. भारतात असा कायदा नाही. जुन्या सायकलच्या चाकाचं कोळपं करणाऱ्या माणसाची सुधारणा नेमकी याच पोकळीत पडते. मेसेज लिहिणाऱ्यानं यावर आवाज उठवला असता तर मी तो स्वतः शंभर जणांना पाठवला असता.

“पंचवीस टक्के बदल केला की सुटलो”

सगळ्यात घातक ओळ ही आहे. कायद्यात 25 टक्के, 20 टक्के, 10 टक्के असा कुठलाही आकडा नाही. कलम 22 मध्ये शब्द आहेत ते ‘फसवी किंवा उघड नक्कल’ या अर्थाचे, आणि ती ठरते ती पाहणाऱ्याच्या नजरेनं. बोल्ट किती बदलले, भोकं कुठे हलवली, याची मोजणी त्यात होत नाही.

ही कसोटी जुनी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 1871 मध्ये गोरहॅम विरुद्ध व्हाइट हा खटला चालला, चमच्या-काट्यांच्या दांड्यांवरच्या नक्षीचा. दोन नक्षींमधले बारीक फरक जाणकारांनी दाखवून दिले होते. न्यायालय म्हणालं, की विकत घेताना माणूस जेवढं लक्ष देतो तेवढं देणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाला दोन्ही वस्तू एकच वाटत असतील, आणि त्यामुळे एक समजून तो दुसरी घेईल, तर ती नक्कलच.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पैठण रस्त्यावरच्या चितेगावचं नाव ज्या कंपनीशी जोडलेलं होतं, त्या व्हिडिओकॉनचं आहे. व्हर्लपूलनं त्यांच्याविरुद्ध वॉशिंग मशीनच्या आकारावरून मुंबई उच्च न्यायालयात दावा केला. व्हिडिओकॉनचं म्हणणं होतं की आमच्याही मशीनचं डिझाइन नोंदवलेलं आहे, मग नोंदणीवाल्याविरुद्ध दावा कसा चालेल, आणि दोन्हींत फरक आहेत. 2014 मध्ये न्यायालयानं दोन्ही मुद्दे नाकारून मनाई हुकूम दिला. दुसऱ्या नोंदणीधारकाविरुद्धही दावा चालतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानंही 2013 मध्ये सांगितलं होतं. म्हणजे थोडा बदल करून स्वतःचीही नोंदणी उरकून घेतली तरी सुटका नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे चाललं नाही. डाय (साचा) कापायला कर्ज काढणाऱ्या वर्कशॉपचं कसं चालेल?

“नोंदणीला लाखभर रुपये लागतात”

एकट्या माणसासाठी, स्टार्टअपसाठी आणि लघुउद्योगासाठी सरकारी अर्ज शुल्क 1,000 रुपये आहे, इतरांसाठी 4,000. दहा वर्षांनी 5 वर्षं वाढवायची तर लघुउद्योगाला 2,000. डिझाइन विभाग कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात आहे, पण अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. समोरून, मागून, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी आणि तिरकस असे स्वच्छ फोटो किंवा ड्रॉइंग, नवेपणा कशात आहे त्याचं निवेदन, आणि वस्तूचा वर्ग. शेतीची यंत्रं 15 व्या वर्गात, कापड 5 व्या. एजंट किंवा वकील घेतला तर त्याची फी वेगळी, आणि वस्तू महत्त्वाची असेल तर ती द्यावी असंच मी सांगते. तरी हे एका साध्या डायच्या खर्चाच्या आसपासही जात नाही.

पैशापेक्षा महाग पडते ती घाई, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका वर्कशॉपवाल्या दादांनी टोकण यंत्राला फार देखणी आणि पूर्णपणे वेगळी पेटी केली होती. आधी त्यांनी तिचा व्हिडिओ टाकला, मग मेळाव्यात स्टॉल लावला, ऑर्डरी आल्या, आणि नक्कल बाजारात दिसल्यावर माझ्याकडे ड्रॉइंग करून घ्यायला आले. अर्जाच्या तारखेआधी डिझाइन लोकांसमोर आलं की ते नवं राहत नाही, मग समोर आणणारे तुम्ही स्वतः का असेनात. त्यांचाच व्हिडिओ, त्यावरची तारीख, हजारोंनी पाहिलेला. मला त्यांना ड्रॉइंग करून देण्यात काही अर्थ नव्हता.

परभणीच्या कृषी विद्यापीठात 18 मे ला खरीप मेळावा असतो, 17 सप्टेंबरला रब्बीचा. नवं औजार तिथे न्यायचं असेल तर अर्ज त्याच्या आधी गेलेला असावा. प्रदर्शनासाठी कायद्यात एक सवलत आहे, पण ती सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती, आधी कळवलं असेल तरच, आणि सहा महिन्यांत अर्ज केला तरच. तिच्यावर विसंबू नका. विश्वासानं एखाद्याला दाखवलं, उदाहरणार्थ डाय करणाऱ्याला, तर त्यानं विश्वासघात करून ते बाहेर काढल्यामुळे तुमचा हक्क बुडत नाही. तरी त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. नोंदणी झाल्यावर वस्तूवर ‘रजिस्टर्ड’ किंवा त्याचं ठरलेलं संक्षिप्त रूप आणि नोंदणी क्रमांक उठवा. ते नसेल तर नुकसानभरपाई मागताना अडचण येते. ही नोंदणी भारतापुरतीच असते. बाहेरच्या देशात हवी असेल तर पहिल्या अर्जापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज केला तर पहिली तारीख धरली जाते.

“पोलीस उचलतात, म्हणून पैसे देऊन मिटवा”

डिझाइनच्या नकलेसाठी या कायद्यात कैद नाही. हा दिवाणी मामला आहे. ठरावीक रक्कम मागितली तर प्रत्येक उल्लंघनाला 25,000 रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनमागे एकूण 50,000 पर्यंत. किंवा मग नुकसानभरपाई आणि मनाई हुकमाचा दावा, आणि तो जिल्हा न्यायालयाच्या खालच्या कोर्टात चालत नाही. ट्रेडमार्क आणि कॉपीराइट कायद्यांत फौजदारी कलमं आहेत. कंपनीचं नाव किंवा लोगो उचलला असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या आकारावरून “पोलीस आणतो” असं कुणी म्हणत असेल तर घाबरून जाऊ नका.

नोटीस फाडून फेकूही नका. तिच्यात नोंदणी क्रमांक आहे का ते आधी पाहा. असेल तर पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर तो टाकून नाव, तारीख, वर्ग आणि मुदत जुळतात का ते तपासा. दहा वर्षं होऊन गेली असतील आणि नूतनीकरण केलेलं नसेल, तर हक्क संपलेला असू शकतो. त्यांच्या अर्जाच्या तारखेआधी तशीच वस्तू कुणी विकत होतं का ते शोधा : जुनी बिलं, छापील पत्रकं, मेळाव्यातले फोटो. नोंदणी रद्द करायची जी कारणं कायद्यात आहेत, तीच दाव्यात बचाव म्हणूनही मांडता येतात, आणि तो बचाव घेतला की प्रकरण उच्च न्यायालयाकडे जातं. आपल्यासाठी बहुतेक वेळा ते संभाजीनगरचं खंडपीठ असतं.

पुरावा मात्र नेमका लागतो. भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास वर्क्स या प्रकरणात काचेच्या तावावरच्या नक्षीची नोंदणी रद्द करा असं म्हणणाऱ्यांनी दाखवलं होतं की ती नक्षी उठवणारे रोलर आधीच एका जर्मन कंपनीनं बनवले होते. सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये विचारलं, की रोलरवर असेल, पण काचेवर ही नक्षी आधी कुणी उतरवली होती का? तसं दाखवता आलं नाही आणि नोंदणी टिकली. म्हणून बचावासाठी वस्तू शोधाल तर त्याच प्रकारची वस्तू शोधा. टोकण यंत्राच्या पेटीच्या वादात टोकण यंत्राचीच जुनी पेटी हवी. तशीच दिसणारी पाण्याची बाटली आणून उपयोग नाही.

आणि तपासल्यावर असं दिसलं की समोरच्याचं डिझाइन खरंच नवं होतं, त्याची तारीख आधीची आहे आणि आपला माल हुबेहूब तसाच दिसतो, तर उत्पादन तिथेच थांबवा आणि तसं लेखी कळवा. उरलेल्या नगांचं काय करायचं ते वकिलासोबत बसून ठरवा.